ओळखीवरची सायकल

डोळे मिटा बरं क्षणभर. समजा, तुम्ही पहिल्यांदाच पांढुर्ण्यात आला आहात. गाव चढ-उतारांचं. एक रस्ता जाम नदीकडे घसरत जातो, दुसरा शाळेकडे चढत जातो. भाड्याच्या लाल सायकलचं हँडल तुमच्या हातात आहे, पण मागून दुकानदारानं कॅरिअर घट्ट धरून ठेवलं आहे. आता डोळे उघडा. तिथं तुम्ही नाही, उर्वशी उभी आहे. अकरा वर्षांची. आणि दुकानाच्या बाकावर, आपल्या सायकलचं पंक्चर निघायची वाट पाहत रामाजी बसले आहेत.

"आधार कार्ड नाई, गावातली ओयख नाई," दुकानदार चिंधू म्हणाला. "उद्या तू सायकल घेऊन भोपाळले गेली, त मी कोनाले पकडू?"

"तुमची ही सायकल शेजारच्या तिगावच्याही पुढं जायची नाही, काका," उर्वशी म्हणाली.

बाकावरची माणसं खो खो हसली. रामाजींनाही हसू आलं. पोरगी तिखट आहे, त्यांना वाटलं.

"बाप कुठं आहे तुया?" चिंधूनं विचारलं.

"स्टेशनवर बसलेत. म्हणाले, आईचं गाव तूच पाहून ये. माझ्याच्यानं तिथं पाय टाकवत नाही."

"आईचं गाव? कोनाची पोरगी वं तू?"

"मंगलाची."

रामाजींचं हसू ओठांवरच थांबलं.

मंगला त्यांची एकुलती एक मुलगी. लोधीखेड्याच्या गौतमशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. तो बौद्ध घरातला. रामाजींनी त्याच दिवशी दार लावून घेतलं. तिनं इंदूरहून फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. गावानं त्यांच्यासमोर तिचं नाव घेणंही सोडून दिलं. राग तर कधीच ओसरला होता. पण आधी तिनं यावं, एवढी एक गाठ मनात राहिली होती. मागच्या पावसाळ्यात इंदूरच्या एका नंबरवरून फोन सारखा वाजत होता. रामाजी त्या वाजणाऱ्या फोनकडे पाहत बसले. आता येते ही, असं म्हणत मनातल्या मनात सुखावले. आणि फोन त्यांनी तसाच वाजू दिला.

चिंधूला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं फडक्याला हात पुसले आणि मुद्दामच विचारलं, "का जी, रामाजी, तुमी ओयखता का या पोरीले?"

सगळ्यांच्या नजरा रामाजींकडे वळल्या. त्यांनी घमेल्यातल्या पाण्यात बुडवलेल्या ट्यूबकडे पाहिलं. तिच्यातून बुडबुडे येत होते.

"नाई," ते म्हणाले.

चिंधूनं सायकल मागं ओढली. उर्वशीनं काही हट्ट न करता हँडल सोडून दिलं. "राहू द्या. मी चालत जाते. शाळेचा उतार तेवढा कुठं आहे ते सांगा. आईनं तिथून दोन्ही हात सोडून सायकल हाणली होती, ती थेट पानठेल्यात घुसली. सगळे ओरडले तिला. आजोबा तेवढे ओरडले नाहीत. खांद्यावर बसवून घरी घेऊन गेले."

ती रस्त्याला लागली.

रामाजींच्या खांद्याला ते ओझं एकदम जाणवलं. ते उठले. आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल एवढा निघाला. "थांब वं पोरी! चिंधू, दे तिले सायकल. मायी नात होय ते. मंगलीची पोरगी. काई झालं त मी आहो."

"एवढे वर्षं लागले बाप्पा तुमाले हे बोलाले," चिंधू म्हणाला आणि सायकल त्यानं स्वतः रस्त्यावर आणून उभी केली.

शाळेचा चढ दोघं पायीच चढू लागले. उर्वशीनं हँडल धरलं होतं, रामाजी मागून कॅरिअर ढकलत होते. दम लागत होता, तरी बोलणं काही थांबत नव्हतं. इतकं हलकं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

"तुया बाप मायावर रागावला असन, म्हनून गावात येऊन नाई राहिला. बरोबर आहे त्याचं. मी जातो स्टेशनवर, हातापाया पडून घरी आनतो त्याले. आन् तुया मायले आत्ताच फोन लाव. म्हना, बापानं बलावलं. दिवाळीले ये म्हना. नाई, दिवाळी कायले? उद्याच ये म्हना. तिले भांडाचं असन त भांडू दे. मी एक शब्द बोलत नाई. लाव ना फोन, पाहून काय राहिली?"

त्यांनी फोनसाठी हात पुढं केला.

चढ संपला होता. समोर तो उतार होता. खाली बाजार, नदी, पलीकडे सावरगावची घरं. एवढ्या लांबून उर्वशी त्या उतारासाठीच आली होती. पण ती तिकडे पाहत नव्हती. ती आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"आजोबा," तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला कुणीच कळवलं नाही?"

रामाजींना प्रश्न कळला नाही. हात तसाच पुढं राहिला.

उर्वशीनं सायकल स्टँडवर लावली. त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्यांना शाळेच्या पायरीपाशी नेलं, आणि आधी खाली बसवलं.