फरक कळावा म्हणून

"गिऱ्हाईक येतंय, तुझी डोलकाठी तयार ठेव," असा धाकट्या भावाचा निरोप आला, तेव्हा सुतारदादाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. धाकटा शिडाच्या होड्यांना ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या बसवायला लागला त्याला चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात दादाच्या लाकडी काठीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दोन दिवस त्याने व्हार्निशचे हात मारले. सकाळी दाढी केली, धुतलेला सदरा घातला.

गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टर आणि त्यांची बायको. शेडमध्ये दोन्ही काठ्या शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या होत्या, सारख्याच लांबीच्या. दादा लाकडाबद्दल सांगायला तोंड उघडणार, तोच धाकट्याने आपली काठी अलगद खांद्यावर घेतली आणि शीळ घालत शेडला एक फेरी मारली.

"आता दादा, तू तुझी उचल."

"पलीकडून कोण धरतंय?"

"एकट्यानेच. फरक कळू दे त्यांना."

नाही म्हणणं दादाच्या जिवावर आलं. पासष्टी उलटली असली तरी काठी त्याच्या हातची होती. तो वाकला, मधोमध खांदा लावला आणि दातओठ खाऊन उठला. चार पावलं टाकली. पाचव्याला गुडघा लटपटला. काठी कलंडली, टोक फरशीवर आपटलं, आणि तिच्याबरोबर तोही खाली बसला.

"अहो, राहू द्या, राहू द्या!" डॉक्टरांची बायको कळवळली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आपल्याला ती हलकीच बरी हो. तुमचंही वय होतंच आहे की."

सौदा तिथल्या तिथे ठरला. डॉक्टरांनी जाता जाता दादाचा गुडघा दाबून पाहिला आणि शेकायला सांगितलं.

ते गेल्यावर दादा काठीच्या चेपलेल्या टोकावरून अंगठा फिरवत राहिला.

"माझंच चुकलं रे," तो म्हणाला. "पडलो नसतो तर कदाचित..."

"चुकलं कसलं?" धाकट्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास पडलास! उद्या अकराला दुसरं गिऱ्हाईक आहे. फक्त गुडघ्याला पट्टा बांधून येऊ नकोस."