समोरच्याची बाजू

"आधी माझी बाजू सांगा, अण्णा. मग नाही म्हणा," उर्वी म्हणाली आणि खुर्ची ओढून वडिलांच्या समोर बसली.

रेणुकादाससरांना हे मानावंच लागलं. नियम त्यांचाच होता. लातूरच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर एक जर्मन तत्त्वज्ञ शिकवला. वादात जोर मुद्द्याचा असावा, माणसाचा नाही, असं त्या जर्मनाचं म्हणणं. सरांनी त्यावरून घरापुरता कायदा काढला. समोरच्याची बाजू त्याच्या तोंडून 'हाव, बरोबर' असं येईस्तोवर मांडायची, मगच आपली सांगायची. उदगीरच्या सहलीला जायचं तर लहानग्या उर्वीला आधी सहलीच्या विरुद्ध भाषण करावं लागे. उर्वीची आई राजश्रीबाई म्हणत, "लोकांच्या घरात भांडणं होतात, आमच्या घरात चर्चासत्र."

आज विषय सहलीचा नव्हता. सरांच्या स्वरयंत्रात कर्करोगाची गाठ होती. स्वरयंत्र काढलं तर सर जगतील, पण आवाज कायमचा जाईल, असं नांदेडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आज भरती व्हायचं, उद्या ऑपरेशन. बॅग भरून दाराशी होती, गाडी अंगणात होती आणि सर जागचे हलत नव्हते.

उर्वीने नियमाप्रमाणे आधी अण्णांची बाजू मांडली. "अण्णा म्हणतात, बोलणं हेच माझं जगणं. आवाज गेल्यावर जो उरेल तो मी नसेन. मुकं होऊन जगण्यापेक्षा बोलता बोलता गेलेलं बरं."

"हाव," सर म्हणाले. आवाज आताच घोगरा झाला होता.

"आता तुमची पाळी."

सरांनी घसा खाकरला. "उर्वी म्हणते, आवाज नसला तरी चालतंय, बाप पाहिजे."

"न्हाई."

"उर्वी म्हणते, आईचं पुढं कसं व्हायचं?"

स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली. "मला मधी घेऊ नका," राजश्रीबाई आतूनच म्हणाल्या. "माझी बाजू माझी मी मांडीन."

"हे बी न्हाई," उर्वी म्हणाली.

सर वैतागले. "मग तूच सांग की."

"मी सांगितलं तर नियम मोडतो, अण्णा."

सरांनी लेकीकडे पाहिलं. ती नांदेडला तोच विषय शिकवायची, तोच जर्मन. त्याच्या मागून आलेल्या विचारवंतांवर सरांचं एक गाजलेलं व्याख्यान होतं. त्यांतल्या एका बाईने त्या जर्मनाला विचारलं, तुमच्या चर्चेच्या चावडीवर बायांना बसू कुणी दिलं होतं? दुसरा म्हणाला, आधी माणूस म्हणून दखल घ्या, बोलणं नंतर. सर शेवटी सांगत, प्रभाव म्हणजे पाया पडणं नव्हे. मागून आलेला आपल्याला अडवतो आणि आपण ऐकायला तिथं असतो, त्याला प्रभाव म्हणायचं. टाळ्या पडत.

उर्वीही कितीदा म्हणाली होती, "अण्णा, त्या जर्मनाबद्दल माझं तुमच्याशी पटत न्हाई." सर दरवेळी म्हणत, "ऐकतो ना. आधी माझं पुरं होऊ दे." सरांचं काही पुरं होत नसे. जेवणं व्हायची, पाहुणे यायचे, उर्वीची नांदेडची गाडी निघून जायची.

हे आठवलं आणि सरांना लाज वाटली.

"उर्वी म्हणते," ते हळू बोलले, "अण्णा आयुष्यभर बोलून राहिले. आता मला बोलायचंय. ते ऐकायला अण्णा पाहिजेत. ऐकायला आवाज लागत न्हाई."

उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाव," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे आता उत्तर द्यायचा हक्क सरांचा होता. त्यांनी चपला घातल्या आणि ते गाडीत जाऊन बसले. राजश्रीबाई बॅग घेऊन मागे बसल्या.

गाडी लातूरबाहेर पडली तशी उर्वीने सुरुवात केली. त्या जर्मनाचं कुठं चुकलं ते सांगितलं, मग अण्णांचं कुठं चुकलं त्यावर आली. अहमदपूर मागे पडलं तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं. सरांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

आवाज जायला अजून एक दिवस बाकी होता.