खांद्यावरची चवरी

सिएनीआजीला नातीचा भयंकर राग आला होता. शाळेतल्या तालमीत पोरगी पाठ केलेलं भाषण बोलली खरी, पण कमरेत वाकून, जमिनीकडे बघत. “पायांना ऐकवत होतीस का गं? अशानं राजधानीतल्या, आपियाच्या भाषणस्पर्धेला कोण पाठवेल तुला?” “बसलेल्या मोठ्यांपुढं वाकायचं, हे तूच शिकवलंस ना आजी!” आजी उठून आत गेली. मग गावाच्या वतीनं सभेत बोलणाऱ्या आपल्या दिवंगत नवऱ्याची काथ्याची, वक्त्यानं खांद्यावर मिरवायची चवरी तिनं नातीच्या खांद्यावर टाकली. “वाकलीस की पडेल. बोल!” आठ दिवस चवरी पडत राहिली, पोरगी उचलत राहिली. निवडीच्या सकाळी चवरी आजीच्या मांडीवर ठेवून ती ताठ उभी राहून खणखणीत बोलली. आपियासाठी तिचंच नाव पुकारलं गेलं. परतताना बसलेल्या मोठ्यांपुढून ती वाकूनच आली. “आत्ताचं वाकणं शोभलं हो,” आजी म्हणाली. “धर, चवरी तुझी!”