चष्मा घातलेली गाय

सुमानं ते चित्र काढलं तेव्हा सासूबाई प्रदर्शनाला येतील, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि आज भागीरथीबाई लेकीला घेऊन नेमक्या त्याच चित्रासमोर उभ्या होत्या. चित्रात एक तरुणी होती आणि तिच्या शेजारी खुर्चीत बसलेली, बाईच्या चेहऱ्याची गाय. गायीनं चष्मा घातला होता आणि तिचा माणसासारखा हात तरुणीच्या तोंडावर होता.

"वहिनी, हा चष्मा आईचा की," नणंद चंदना म्हणाली. "आणि हे काय, तोंड दाबतीय काय ती?"



"अय्यो, कामधेनू गं ती," भागीरथीबाई म्हणाल्या. "लेकराला घास भरवतीय." त्यांनी पर्समधून चामुंडीदेवीच्या कुंकवाची पुडी काढली, चौकटीला बोट लावलं आणि हात जोडले. चंदनानंही मुकाट्यानं जोडले.

सुमाचा जीव भांड्यात पडला.

घरी परतताना सरस्वतीपुरमच्या बसमध्ये चंदनाला पुढं जागा मिळाली. मागं भागीरथीबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि सुमाकडे न बघता हळूच म्हणाल्या, "आजपासून घरात बोलत जा. हात काढला मी."