पान एक्केचाळीस

फुकट मिळणाऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पंधरा वर्षं जुनं छापील मॅन्युअल ताईने रक्त आटवून नवं केलं. पान एक्केचाळीसवर पासवर्डचा नमुना होता, तोही बदलला. पंपघरांत हीच सिस्टिम वापरणाऱ्या भावाच्या पाणीखात्याला तिने कौतुकाने बारा प्रती दिल्या, प्रत्येक पंपघराला एक.

आठवड्याने भावाचा फोन आला.

“ताई, तुझ्या पुस्तकात घोळ आहे. एक्केचाळीसवरचा पासवर्ड लागतच नाही. पाणी सोडायचं खोळंबलंय.”

“अरे गाढवा, तो नमुना होता! खाली लिहिलंय ना, स्वतःचा ठेवा म्हणून?”

“ते नंतर बघू. जुनी पुस्तकं आम्ही रद्दीत घातली. तुझ्याकडच्या जुन्या पुस्तकातला पासवर्ड बघून सांग. आणि सावकाश सांग, बाकीची अकरा पंपघरंही लाइनवर आहेत. सगळ्यांचा तोच आहे.”