चिन्हावरचा मान

कोलकात्याजवळच्या डमडमच्या मराठी मंडळात प्रेमलतामावशी दर रविवारी मुलांना मराठी शिकवत. आता मोजकीच मुलं येत, पण आठवडाभर त्या याच तासाची वाट बघत. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर कोलकाता शहराच्या जुन्या बोधचिन्हाचं चित्र लावलं. मधे ढाल, आणि दोन्ही बाजूंना चोचीत साप धरलेले दोन उंच करकोचे.

"हे तर टकलू आहेत!" रुचा खिदळली.

"टकलू असले तरी कामाचे होते गं. यांना हाडगिळे म्हणत. रस्त्यावरची घाण खाऊन शहर साफ ठेवायचे. त्याची जाण ठेवून गोऱ्या साहेबाने त्यांना चिन्हावर बसवलं."

"मग आता कुठे बघायला मिळतील?"

"कोलकात्यात कुठेच नाही, बाळा. इकडे चिन्हावर मान मिळाला आणि तिकडे त्यांची दलदल बुजवली, मोठी झाडं तोडली. थोड्याच वर्षांत एकही उरला नाही."

मुलं घरी गेली, तोच मंडळाचा सचिव पराग संदेश मिठाईचा पुडा घेऊन आत आला.

"मावशी, तोंड गोड करा! मंडळाच्या नव्या चिन्हावर तुम्ही आहात. हातात पुस्तक, भोवती मुलं. कालच्या बैठकीत एकमताने ठरलं!"

मावशींनी संदेश हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"आणि वर्ग कधीपासून बंद करायचं ठरलं?"

 

पराग चपापला. "पुढच्या महिन्यापासून... पण मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?"