पुढे धावणारी

गुणाजीने खिशातून पदक काढलं आणि घरातल्या थोरल्या माणसाला दाखवायच्या आधी सरळ बहिणीच्या हातावर ठेवलं. सत्यवतीच्या सासूला, यमुनाबाईंना, ते रुचलं नाही. घरापुढच्या खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतायचं सोडून त्या उठल्या.

"मुंबयची मोठी शर्यत, मावशीनू," गुणाजी म्हणाला. तो मुंबईला गोदीत कामाला होता आणि मालवणच्या गाडीतून उतरून तडक धामापुरात आला होता. "सव्वीस मैल. पयलो इलो मिलिटरीतलो शिपाय, दुसरो परळच्या गिरणीतलो. तिसरो मी."

एवढ्या मुंबईत तिसरा! यमुनाबाईंनी तोंडभरून कौतुक केलं. मग राहवलं नाही. "पण पदक हिच्या हातात कित्याक?"

"तां हिचांच आसा."

"दादा, गप रव," सत्यवती खाली बघत म्हणाली.

पण तो गप्प राहिला नाही. सत्यवतीचं माहेर तोंडवळीला, दर्याच्या काठी. तालुक्याच्या शर्यतीसाठी गुणाजी पुळणीवरच्या मऊ वाळूत धावायचा. एकट्याला जोर येईना, म्हणून धाकट्या बहिणीला पुढे धावायला लावायचा. ती ओचा खोवून सुटायची आणि तिला गाठायचं, एवढाच त्याचा सराव.

"लग्न होऊन हय येयपर्यंत एकदा पण गावली नाय माका," तो म्हणाला. "माहीमाच्या फुडे माझे पाय दगड झाले. मागचे दोघे बाजूक येऊन फुडे गेले. म्हटलंय, संपलां सगळां. मगे डोळे बारीक केलंय आणि मनात आणलंय, सत्या फुडे धावता हा. तिची वेणी बघीत गेलंय, मावशीनू. दोघांकय मागे टाकलंय."

यमुनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती अंगठ्याने पदकावरची अक्षरं चाचपत होती. तळ्यावरून भरली घागर आणताना हिच्या पदराला पाण्याचा थेंब लागत नसे. कशी सावकाश चालते म्हणून यमुनाबाई शेजारणींना कौतुकाने सांगत. घरात आली त्याच आठवड्यात ती गोठ्यातून सुटलेल्या पाड्यामागे धावली होती. 'सुनेन असां धावूचां नसता,' असं तेव्हा त्यांनीच बजावलं होतं. त्यानंतर ती कधी धावली नाही. त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही.

"खरांच इतक्या धावतंस गो तू?"

"आता नाय, आये. पाय इसारले."

यमुनाबाईंनी तिचा हात धरला आणि तिला घेऊन खळ्याबाहेर पडल्या. भगवतीच्या देवळापासून तळ्याचा बांध लांबवर सरळ गेला होता. गुणाजी मागोमाग आला.

"धाव," त्या म्हणाल्या. "माका बघूचां आसा."

"लोक काय म्हणतले?"

"लोकांक मी आसंय."

सत्यवतीने पदक भावाकडे दिलं, पदर कमरेला खोचला. पहिली पावलं अवघडलेली पडली, परक्या घरात वावरावं तशी. मग मान वर झाली, खांदे सैल सुटले, आणि तिचे पाय जमिनीला लागतात की नाही ते कळेना. गुणाजी हसत तिच्यामागे निघाला. सगळ्या जोराने धावला. दोघांतलं अंतर वाढतच गेलं. यमुनाबाईंना वाटलं, हे बघायला आपला दत्ताराम इथे हवा होता. त्याच्या बायकोचं हे रूप त्याला तरी कुठे ठाऊक? त्या दोन पावलं पुढे सरकल्या, नीट दिसावं म्हणून.

खाली पाण्यात कपडे धुणारी सावित्री पिळा हातातच घेऊन धडपडत वर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"यमुनाबाय, काय झालां गो? आग लागली काय खंय? कोण बुडलां?"

यमुनाबाईंनी बांधावरची नजर काढली नाही.

"कोणाक कायएक झालां नाय," त्या म्हणाल्या. "ती धावता हा."